येळवशीला न थांबलेली गाडी

उदगीरचा किल्ला पाहून आले असं सांगितलं की लोक किल्ल्याबद्दल विचारतात, आणि मला धड काही सांगता येत नाही. बुरूज मजबूत आहेत, खंदक खोल आहे, यापलीकडे काही लक्षात राहिलेलं नाही. किल्ल्यावर पोचले तेव्हा आदल्या दिवसाची दुपार अजून अंगातून उतरली नव्हती. ती दुपार लातूर जिल्ह्यातल्या एका लहान गावात गेली. गावाचं नाव सांगणार नाही. तिथली माणसं वाईट नव्हती, आणि नाव छापलं की उगाच वाईट ठरतील.

मी कराडला बायकांना गाडी चालवायला शिकवते. प्रवासाला घेतली तीही माझी शिकवायचीच जुनी गाडी. तिला डावीकडच्या सीटपुढेही क्लच आणि ब्रेक आहेत. शिकणारीने भिंतीवर गाडी घालायच्या आत मला ती थांबवता यावी म्हणून. या वेळी मात्र स्टिअरिंगवर मी होते आणि त्या डाव्या सीटवर आमचे श्रीकांतराव, म्हणजे माझा नवरा. तीस वर्षांच्या संसारात मला थांबवायची सोय त्यांच्या पायाशी पहिल्यांदाच आली होती, आणि ते ती सढळ पायाने वापरत होते.

श्रीकांतबद्दल एक गोष्ट आधीच सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. गेल्या वर्षी त्यांच्या गळ्याचं मोठं ऑपरेशन झालं. आवाज गेला. आता गळ्याच्या मुळाशी एक भोक आहे, तिथूनच ते श्वास घेतात. तोंडाने जेवण होतं, नाकातोंडाने श्वास होत नाही. भोकावर एक मऊ फडकं बांधलेलं असतं, ते ओलसर ठेवावं लागतं. धूळ गेली की खोकल्याची उबळ येते. तिथे पाणी गेलं, कुणी हात दाबला, फडकं आवळलं, तर माणूस मिनिटांचा सोबती. डॉक्टरांनी प्रवासाला हो म्हटलं होतं, पण मी मनातून सगळ्या वाटेवर त्या फडक्याकडेच बघत होते.

नांदेड

नांदेडला एका महिला महाविद्यालयात माझं भाषण होतं. विषय माझा नेहमीचाच, आणि मला फार आवडणारा: गाडी चालवताना जमाव अंगावर आला तर बाईने काय करायचं. मी ठासून सांगितलं. काचा वर, दारं बंद. पुढच्या गाडीची मागची चाकं दिसतील एवढं अंतर कायम ठेवा. निसटायची वाट आधीच हेरून ठेवा. रस्त्याकडेला कुणी हातवारे करून बोलावत असेल तर थांबू नका, मग ते कितीही सज्जन दिसोत. काचेवर कुणी अंडं नाहीतर पांढरं काही फेकलं तर वायपर लावू नका, सगळी काच माखते आणि तेवढ्यासाठीच ते फेकलेलं असतं. वेग वाढवा आणि निघा. मुलींनी भरपूर टाळ्या वाजवल्या. श्रीकांत मागच्या बाकावर बसून ऐकत होते. त्यांनी डोळे मिटून घेतले होते, पण तो त्यांचा माझ्या भाषणांबाबतचा जुना शिरस्ता आहे.

शैला मॅडम म्हणून तिथल्या प्राध्यापिका, त्यांनी संध्याकाळी आम्हाला गुरुद्वारात लंगरला नेलं. आमच्याकडे पंगतीत कोण कुठे बसलं यावरून दोन पिढ्यांचं भांडण होतं. इथे कोण कुणाशेजारी बसलंय याचा कुणाला पत्ताच नव्हता. पोळी घ्यायला दोन्ही हात पुढे करायचे असतात हे मला ठाऊक नव्हतं. मी ताट पुढे केलं तशी वाढणाऱ्याने हसून वाट पाहिली. श्रीकांतच्या गळ्याकडे कुणी वळून पाहिलं नाही, आणि ते वर्षभरात पहिल्यांदा परक्या माणसांत निवांत जेवले. मला फार बरं वाटलं.

बाहेर आल्यावर शैला मॅडम म्हणाल्या की उद्या कशाला निघता, उद्या आमची येळवस आहे. येळवस म्हणजे वेळा अमावस्या, त्या स्वतः लातूरकडच्या, उद्या त्याही शेतात जाणार होत्या. अमावस्या म्हटल्यावर मी मान डोलावली. आमच्याकडे अमावस्येला गाडीवर नारळ फोडतात आणि लिंबू-मिरची बदलतात, तसंच काही असेल. आणि निघालातच तर डबा घेऊ नका, त्या म्हणाल्या, वाटेत तुम्हाला उपाशी कुणी ठेवणार नाही. मला वाटलं रस्त्याला ढाबे चांगले आहेत.

लोह्याच्या पुढे

सकाळी लोह्यात सुशीला खाल्ला. ज्यांनी खाल्ला नसेल त्यांच्यासाठी सांगते, भिजवलेल्या चुरमुऱ्यांची फोडणी, वरून डाळ्याची पूड. आमच्या भडंगाला कुरकुरीतपणाचा गर्व आहे. सुशीला मऊ पडूनही स्वतःला कमी समजत नाही. पुढे माळेगावला खंडोबाच्या जत्रेची गर्दी होती. घोडे, गाढवं, उंट, भंडाऱ्याने पिवळी झालेली माणसं. त्या गर्दीतून मी गाडी अशी अलगद काढली की मला स्वतःचंच कौतुक वाटलं.

ती गर्दी मागे पडली आणि अहमदपूरच्या पुढे माणूसच दिसेना.

आधी मला ते जाणवलं नाही, मोकळा रस्ता कुणाला नको असतो. मग एक गाव गेलं, त्याच्या पारावर कुणी नव्हतं. दुसरं गेलं, त्यातली सगळी दुकानं बंद, पिठाची गिरणी बंद, एसटीच्या थांब्यावर कुणी नाही. घराघराला कुलूप. भर सकाळी, उन्हात, एका गल्लीत कोंबड्या तेवढ्या चरत होत्या. भुंकायला कुत्रंही नव्हतं. मी श्रीकांतना म्हटलं, बंद आहे की काय कसला? त्यांनी खांदे उडवले आणि बोट शेताकडे केलं.

शेतात माणसं होती, सगळी तिथेच होती. जवळजवळ प्रत्येक शेतात कडब्याच्या पेंढ्यांची एक खोपी उभी केलेली, तिच्यावर शाल नाहीतर हिरवं लुगडं पांघरलेलं, आणि आत चुन्याने पांढरे केलेले दगड ओळीने मांडलेले. त्यांच्यासमोर माणसं बसलेली. ज्वारी डोक्याच्या वर गेलेली होती. वारा नव्हता, तरी तिच्यात मधूनच काहीतरी हलत जायचं आणि पलीकडच्या हरभऱ्यात एकदम माणूस उगवायचा. मी काचा वर केल्या.

मग एका शेतातून तीन-चार माणसं रस्त्याकडे धावत आली. हातवारे करून ओरडत होती. एकाच्या हातात विळा होता. श्रीकांतनी डॅशबोर्डवर दोनदा टकटक केलं. एकदा म्हणजे सावकाश, दोनदा म्हणजे थांब, असं आमचं ठरलेलं आहे. मी म्हटलं, अहो, काल भाषण ऐकलंत ना? आणि गाडी काढली. आरशात ती माणसं रस्त्यावर येऊन उभी राहिलेली दिसली. पुढे पुन्हा तसंच. या वेळी बायकाही होत्या. श्रीकांतनी पुन्हा दोनदा टकटक केलं आणि त्यांच्या पायाखालचा ब्रेक किंचित दाबलासुद्धा. मी त्यांच्यावर ओरडले. ज्याला उलट बोलता येत नाही त्याच्यावर ओरडू नये हे मला कळतं, पण मी भ्याले होते.

तिसऱ्या ठिकाणी शेत रस्त्याला अगदी लागून होतं. बांधावरून माणसांची एक रांग चालली होती. पुढच्याने भर उन्हात डोक्यावरून घोंगडी घेतलेली, तोंड दिसत नव्हतं. मागचे सगळे एका सुरात काहीतरी म्हणत होते, "ओलगे ओलगे सालम पलगे", पुन्हा पुन्हा तेच, आणि त्या शब्दांतला एकही मला कळत नव्हता. एक बाई मडक्यात पानांचा झुबका बुडवून दोन्ही बाजूंना शिंपडत होती. आम्ही जवळ आलो तसा घोंगडीवाला आमच्याकडे वळला आणि हात वर करून रस्त्यात उतरला. त्याच क्षणी काचेवर पांढरे ठिपके पडले.

पांढरं काही फेकलं तर काय करायचं, ते मी काल दुपारीच शंभरभर मुलींना शिकवलं होतं. मी वायपर लावला नाही. स्टिअरिंग कापलं, घोंगडीवाल्याच्या बाजूने गाडी काढली आणि वेग घेतला. मागे काहीतरी फुटल्याचा आवाज झाला. आरशात पाहिलं तर ती बाई रस्त्याकडेला खाली बसलेली, समोर पांढरं थारोळं. मला वाटलं, हा त्यांचा पुढचा डाव, आता मी दयेने थांबेन म्हणून. मी थांबले नाही.

थोड्याच वेळात मागे एक मोटरसायकल लागली. पांढऱ्या शर्टातला एक माणूस. तो गाठत नव्हता आणि मागेही पडत नव्हता. मी वेग वाढवला की तो वाढवायचा. हॉर्न नाही, हात नाही, काही नाही. एक वळण घेऊन तो दिसेनासा झाला तशी मी डावीकडच्या कच्च्या फाट्याला गाडी घातली. निसटायची वाट हेरून ठेवा, हेही माझंच वाक्य.

आत दोन वळणं गेल्यावर गाडी थांबवली आणि आमच्याजवळचं सगळं पाणी ओतून काच धुतली. ओघळ बोटाला लावून वास घेतला. आंबट ताक होतं, लसूण-जिऱ्याचं. कसलं ताक? लुटायला निघालेला माणूस ताकाला फोडणी घालून येत नाही, एवढं तेव्हा सुचायला हवं होतं. मला उलट जास्तच भीती वाटली.

कच्च्या रस्त्याची धूळ श्रीकांतच्या फडक्यात गेली होती. ते खोकू लागले, आणि तो खोकला तोंडातून येत नाही, गळ्यातून शिट्टीसारखा येतो. फडकं ओलं करायला पाणी हवं होतं, आणि मी ते सगळं काचेवर ओतून बसले होते.

गाव

पुढेच गाव होतं. तेही रिकामं. चौकातल्या लिंबाखाली गाडी उभी केली आणि हाक मारली. कुणी ओ दिली नाही. एका कुलूपबंद घरात मोबाईल वाजत होता. वाजून वाजून थांबला, मग शेजारच्या घरात दुसरा वाजायला लागला. कुणीतरी गावातल्या माणसांना एकामागून एक फोन लावत होतं. कशासाठी, ते तेव्हा मला कळलं नाही. हातपंप हापसला, त्याने नुसताच खडखडाट केला, पाणी आलं नाही. एका घराच्या फाटकाला नुसती कडी होती. ती काढून मी आत गेले, ओट्यावरच्या रांजणातून बाटली भरून घेतली, आणि येताना अर्धवट लोटलेल्या दारातून आत डोकावून पुन्हा एकदा हाक मारली. आत कणगी होती, खाटेवर गोधड्या होत्या. परत येऊन फडकं भिजवलं, श्रीकांतच्या गळ्याला लावलं. त्यांचा खोकला थांबला.

मग मी मान वर केली. गल्लीच्या त्या टोकाला माणसं उभी होती.

या टोकालाही होती. पाणंदीतून, घरांच्या मधल्या बोळांतून, ज्वारीतून आणखी येत होती. कपाळाला हळदीकुंकू, अंगावर ठेवणीतले कपडे, पुरुषांच्या हातात काठ्या, दोघा-तिघांच्या हातात विळे. ओरडत कुणी नव्हतं. मला ओरडणाऱ्या गर्दीची माहिती होती, गप्प गर्दीची नव्हती. पांढऱ्या शर्टातला तो माणूस मोटरसायकलला पाय टेकवून पुढेच उभा होता.

मी गाडीत शिरले, दारं लावली, इंजिन सुरू केलं. नियमाप्रमाणे हात जागेवर होते, डोकंही वाटत होतं तेवढं बिघडलेलं नव्हतं. लिंबाच्या उजवीकडे गाडी निघेल एवढी फट होती. फटीत एक म्हातारी उभी होती, रोडकी, हिरव्या लुगड्यातली. गर्दीतून गाडी काढायची तर क्लचवर, सावकाश, पण थांबायचं नाही. माणसं आपोआप बाजूला होतात. मी पहिला गिअर टाकला आणि क्लच सोडला. गाडी पुढे सरकली. म्हातारी हलली नाही. मी आणखी सोडला, आता हलेल. बॉनेट तिच्या लुगड्याला टेकायला आलं आणि गाडी जागच्या जागी गचका खाऊन बंद पडली.

श्रीकांतनी त्यांचा ब्रेक पार तळापर्यंत दाबला होता. मी पुन्हा किल्ली फिरवायच्या आत त्यांनी ती काढून घेतली, त्यांच्या बाजूची काच हँडल फिरवून खाली केली, आणि किल्ली बाहेर धरली. मी त्यांना म्हटलं, काय करताय हो? त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

किल्ली पांढऱ्या शर्टवाल्याने घेतली. दार उघडलं. एकदम सगळे बोलायला लागले. घरात शिरली हुती, म्या बघितलं. सकाळधरनं फिरायलेत. गाव रिकामं बघून आलेत. कुठले हाव? मी बोलायला गेले तर पांढऱ्या शर्टवाला म्हणाला की बाईला गप करा, मालकाला बोलू द्या. श्रीकांतनी गळ्याकडे बोट केलं, मान हलवली.

"नाटक करायलाय," कुणीतरी म्हणालं. पांढऱ्या शर्टवाल्याने श्रीकांतच्या गळ्याचं फडकं मुठीत धरलं आणि त्यांना गाडीबाहेर ओढलं.

फडकं आवळलं गेलं. त्यांचा चेहरा काळवंडताना मला दिसला. आवाज नव्हता, कारण हवाच नव्हती. मी माझ्या बाजूने उतरून धावले, मध्ये माणसं होती, मी त्यांना नखांनी ओरबाडलं. स्वसंरक्षणाचं जे काही मी आयुष्यभर शिकवलं त्यातलं मला काहीही आठवलं नाही. मी एवढंच म्हणत होते की तिथून श्वास आहे, तिथून श्वास आहे.

फडक्याची गाठ सुटली म्हणून ते वाचले. फडकं त्या माणसाच्या मुठीत राहिलं आणि श्रीकांत गाडीला टेकून उभे. गळ्यातलं भोक उघडं पडलं. त्यातून त्यांचा श्वास शिट्टी वाजवत आत गेला, बाहेर आला, पुन्हा आत गेला. सगळा चौक तेवढाच आवाज ऐकत होता. पांढरा शर्टवाला हातातल्या ओल्या फडक्याकडे बघत मागे सरकला.

म्हातारी पुढे आली. तिने श्रीकांतच्या गळ्याकडे नीट पाहिलं, मग मला विचारलं, "आजच्या दिशी माणसं जेवाय बोलवायलीत, अन् तुमी कामून पळालाव?"

जेवायला?

तिने जे सांगितलं ते असं. येळवशीला सगळं गाव शेतात जातं. खोपीत पांढरे दगड मांडून पांडवांची पूजा होते, मग डोक्यावर घोंगडी घेऊन रानाला फेरी घालतात आणि आंबील, म्हणजे फोडणीचं आंबट ताक, शिंपडतात. आणि वाटेने जो जाईल त्याला थांबवून जेवू घालतात. ओळखीचा असो, नसो, ट्रकवाला असो की साहेब. या दिवशी आजवर कुणी नाही म्हटलेलं तिने पाहिलं नव्हतं. जो बोलावणं बघून पळतो त्याच्या मनात काहीतरी आहे. शिवाय गावं सगळी उघडी पडलेली. म्हणून शेताशेतातून फोन गेले होते, पांढरी गाडी, दोन माणसं, एकाच्या गळ्याला फडकं, बोलावलं की पळतात.

मी काय सांगणार? मी भ्याले होते, तेच सांगितलं. ताकाला अंडं समजले तेही सांगितलं. तेव्हा मागे कुणीतरी हसलं, पण फार जण हसले नाहीत.

शेतात

आम्हाला शेतात नेलं. जाऊ का नको हे विचारायची सोय नव्हती, किल्ली त्यांच्याकडेच होती. म्हातारीने श्रीकांतच्या गळ्यावर स्वतःच्या पदराचा शेव धरला होता. बांधावरून जाताना धूळ जाईल म्हणून ती तशीच त्यांच्याबरोबर तिरकी चालत आली. तिच्या घरात नवं धुवट मलमल होतं, ते तिने मागवून घेतलं.

खोपीपुढे पान वाढलं. भज्जी, म्हणजे सगळ्या शेंगा, पालेभाज्या, ओला हरभरा, तूर यांची बेसन लावून केलेली दाट भाजी. बाजरीचे वाफवलेले उंडे, गव्हाची खीर, शेंगापोळी, आणि मडक्यातली गार आंबील. इतकं चांगलं जेवण मी फार दिवसांत जेवले नव्हते आणि घास गिळवत नव्हता. सभोवती माणसं बसलेली, आमच्या पानाकडे बघत. आम्ही खातोय की नाही ते बघत होती. श्रीकांत मात्र नीट जेवले, आंबील मागून घेतली. मला त्यांचा राग आला आणि रडूही आलं.

वाढायला पांढऱ्या शर्टवालाच होता. त्याचं नाव माधव, म्हातारीचा पुतण्या. शेजारी एक तरुण बाई पाय पसरून बसली होती, घोट्याला हळद बांधलेली. ती त्याची बायको. मडकं तिचंच फुटलं होतं, माझ्या गाडीला चुकवताना. मी तिच्यापाशी जाऊन तिचे हात धरले आणि चूक झाली म्हटलं. ती मान खाली घालून म्हणाली की चालतंय. माधवने श्रीकांतच्या पानात खीर वाढली, आणि त्यांच्याकडे न बघता म्हणाला, "म्हाईत नव्हतं मला." श्रीकांतनी त्याच्या मनगटाला हात लावला.

मी म्हातारीला विचारलं की गाडी अंगावर येत होती, तुम्ही हलला का नाहीत.

"हलाय येत न्हाई बाई मला चट्दिशी," ती म्हणाली. "गुडघे गेलेत."

हे ऐकल्यापासून मी ते भाषण केलेलं नाही. माणसं आपोआप बाजूला होतात, हे वाक्य माझ्या तोंडातून निघत नाही. कराडला आल्यावर ओळखीच्या एका फौजदारांना सगळं सांगितलं तर ते म्हणाले, किल्ली देणं हा शुद्ध वेडेपणा होता, दुसरा जमाव असता तर तुम्ही दोघंही गेला असता. त्यांचंही खोटं नाही. श्रीकांतना विचारलं, तुम्हाला कसं कळलं? त्यांनी हाताने घास करून तोंडाकडे नेला. रस्त्यावरची माणसंही सकाळपासून तोच हात करत होती, विळ्याकडे बघण्याच्या नादात मला तेवढंच दिसलं नव्हतं.

ऊन कलल्यावर माधवने किल्ली आणून दिली आणि उदगीरच्या रस्त्याला लागायची आतली वाट सांगितली. म्हातारी काचेशी आली. श्रीकांतच्या गळ्याची मलमल तिने पुन्हा एकदा सारखी केली आणि मला म्हणाली, "वाटंत कुणी इचारलं तर सांगा, गंगाबाईच्यात जेवलाव मनून." मला वाटलं, यजमानीणबाईंना कौतुक हवंय. मी हो हो म्हटलं.

गावाबाहेर ओढ्याच्या पुढे वळण होतं. ते घेतलं आणि समोर रस्त्यावर ट्रॅक्टरची ट्रॉली आडवी लावलेली दिसली. दोन्ही बाजूंना चर. ट्रॉलीच्या सावलीत सात-आठ माणसं बसली होती, पुढे दगडांचा ढीग रचलेला. दुपारी चौकातल्या फटीतून मी निसटले असते तर इथे येऊन पोचले असते. आम्हाला अडवायला सांगणारा फोन त्यांना आला होता. अडवू नका म्हणून सांगायचं जेवणाच्या गडबडीत कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. गाडी पाहून ती माणसं उठली. उठताना प्रत्येकाने दगड उचलला.

मी डावीकडे पाहिलं. श्रीकांतचे पाय ब्रेकवर नव्हते, चटईवर होते. त्यांनी हे माझ्यावर सोडलं होतं. मी गाडी थांबवली, इंजिन बंद केलं, माझ्या बाजूची काच पूर्ण खाली केली आणि दोन्ही हात दारावर ठेवले. एक जाडजूड माणूस सावकाश चालत खिडकीशी आला. त्याने आत पाहिलं, श्रीकांतच्या गळ्याकडे पाहिलं. दगड त्याच्या हातात तसाच होता.

"जेवलाव का?" त्याने विचारलं.

"जेवलो."

"कुणाच्यात?"

"गंगाबाईच्यात."

त्याने मागे वळून बाकीच्यांकडे मान हलवली. हातातला दगड त्याने टाकून दिला नाही. हाताशी येईल असा बांधावर ठेवला, आणि ट्रॉली ढकलायला गेला.